राजाभाऊंचा तिसरा निरोप

अमिरातीतल्या अजमानच्या ‘मायबोली मित्रमंडळा’ने राजाभाऊ परचुऱ्यांना आतापर्यंत दोनदा निरोप दिला होता, आणि दोन्ही वेळा राजाभाऊ गेले नव्हते.

पहिला निरोप शहाण्णव साली झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. पुढच्याच आठवड्यात कंपनीने मुदत वाढवून दिली आणि राजाभाऊ म्हणाले, एवढा आग्रह करतायत तर नाही कसं म्हणायचं. दुसरा निरोप नव्व्याण्णव साली. त्या खेपेला चांदीची समई मिळाली. बॅगा भरल्या, सोफा विकला, तिकिटं हातात आली, आणि राजाभाऊंना एकाएकी जाणवलं की पुण्यात आपलं ऐकून घ्यायला कोणी नाही. तोंडाने अर्थात ते असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले की सध्या बाजार पडलेला आहे, एवढ्यात जाणं शहाणपणाचं नाही. समई परत मागायची कोणाची हिंमत झाली नाही, पण पुढे परचुऱ्यांकडे जेवायला गेलेल्या प्रत्येकाची नजर आधी त्या समईकडे जाई आणि मग ताटाकडे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दोन हजार दोन साली तिसऱ्या निरोपाची वेळ आली तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीने गुपचूप ठराव केला, की भेटवस्तू या वेळी विमानतळावर द्यायची, तीही बोर्डिंग पास बघून. ठराव गुपचूप असल्यामुळे संध्याकाळच्या आत शोभनाबाईंच्या कानावर आला. त्यांना राग आला नाही. असाच ठराव त्यांच्या पोटच्या मुलीनेही केला होता.

आभा इथली बारावी करून पुण्याला इंजिनिअरिंगला गेली ते नव्व्याण्णव साली. आईबाबा कायमचे येणार म्हणून त्या पोरीने हॉस्टेलवरून जाऊन कोथरूडचा बंद फ्लॅट झाडून काढला, पडदे धुतले, दूधवाल्याला सांगून ठेवलं. दूध येत राहिलं, आईबाबा आले नाहीत. ते दूध तिने किती दिवस घेतलं हे ती कधी बोलली नाही आणि शोभनाबाईंना विचारायचा धीर झाला नाही. आता तिचं शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यात परीक्षा, आणि मग अमेरिका. कागदपत्रं सुरूही झाली होती. लेकीबरोबर एका छपराखाली राहायचे जे काही महिने नशिबात होते ते हेच. हे महिने गेले की पुण्यात जायचं ते कोणासाठी? या खेपेला त्यांनी फोनवर ‘येतोय गं आम्ही’ म्हटलं तेव्हा आभा म्हणाली, “टेल मी व्हेन यू लँड, आई. नॉट बिफोर.”

म्हणून शोभनाबाईंनी या वेळी परतीचे दोर स्वतःच्या हाताने कापून टाकले. फ्रीज मंडळाचे अध्यक्ष निखिल सबनीस यांच्या बायकोला, संजनाला दिला. पलंग, वॉशिंग मशीन, पडद्यांच्या दांड्या, सगळं वाटून टाकलं. घरमालकाला किल्ली द्यायची तारीख सांगितली. घरात दोन गाद्या, एक कुकर आणि ती समई एवढंच उरलं. आता राजाभाऊंना राहायचं म्हटलं तरी बसायला खुर्ची नव्हती, आणि खुर्चीवाचून राजाभाऊ फार काळ टिकत नाहीत हे त्या बावीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या.

आता राजाभाऊंच्या वेडाविषयी सांगायला हवं. विशीत असताना कुठल्याशा श्रमदान शिबिरात त्यांच्या हाती किबुत्झवरची एक पातळ पुस्तिका लागली. इस्राएलमधल्या त्या शेतवसाहती, जिथे जमीन सगळ्यांची, स्वयंपाकघर एक, मालक नाही, नोकर नाही, प्राध्यापक गोठा झाडतो आणि भांडी सगळे पाळीपाळीने घासतात. त्या एका पुस्तिकेच्या भांडवलावर राजाभाऊ तीस वर्षं बोलत आले होते. ते स्वतः कधी तिथे गेले नव्हते, आणि अमिरातीत राहून तो विषयही काढायची सोय नव्हती. त्या देशाचं नाव इथे फोनवरसुद्धा कोणी घेत नसे. त्यामुळे राजाभाऊ नुसतं ‘तिकडे’ म्हणत. तिकडे सगळे समान. तिकडे कामाची लाज नाही. हे ते रात्रीच्या जेवणानंतर सोफ्यावर रेलून सांगत आणि शोभनाबाई आत भांडी घासता घासता ऐकत.

निरोपाला काय हवं असं मंडळाने विचारल्यावर राजाभाऊंनी तिकडच्यासारखा एक वीकेंड मागितला. गुरुवार-शुक्रवार सगळ्यांनी एका शेतावर राहायचं, राबायचं, एकत्र जेवायचं. त्यांनी ऑफिसमधून तसा ईमेलच पाठवला, वर विषय म्हणून ‘किबुत्झ वीकेंड’ असं ठळक अक्षरांत. बँकेत नोकरी करणाऱ्या निखिलने तो मेल पुसला, पुसलेल्यातूनही पुसला, आणि बाहेर जाऊन फोन लावला. “अंकल, असले वर्ड्स ऑफिसच्या मेलवर नको, प्लीज. व्हिसा माझा पण आहे.” मग सहलीचं नाव ‘सामूहिक शेतसहल’ असं ठरलं.

जागा राजाभाऊंनीच मिळवली. अल ऐनच्या पलीकडे एका अरबाचं मोठं शेत होतं. खजुराची बाग, कोंबड्या, आणि परदेशातून आणलेल्या गाईंचा गोठा. बंगल्याला आणि गोठ्याला दोन्हीकडे एसी राजाभाऊंच्या कंपनीने बसवले होते, त्या ओळखीवर त्याने दोन दिवस राहायची परवानगी दिली. शेताचा कारभार मोहिद्दीन नावाचा मल्याळी मॅनेजर बघत असे.

काय आणायचं हे कोणी कोणाला सांगायचं नाही, असा राजाभाऊंचा पहिला नियम होता. ज्याने त्याने कुवतीप्रमाणे आणावं आणि गरजेप्रमाणे घ्यावं. मराठी माणसाला काय ते न सांगता काही आणायला सांगितलं की तो श्रीखंड आणतो. गुरुवारी दुपारी ऑफिसं सुटल्यावर गाड्या शेतावर पोचल्या आणि डिक्या उघडल्या, तर सगळ्या घरांचं मिळून परात भरेल एवढं श्रीखंड, कागदी प्लेटांचे गठ्ठे आणि लोणच्याच्या बरण्या. तांदूळ कोणीच आणले नव्हते. जड असतात, दुसरं कोणीतरी आणेल असं प्रत्येकाला वाटलं होतं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून खुबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, आणून श्रीखंड-खुबूस असं सामूहिक जेवण झालं.

त्यानंतर कामाच्या चिठ्ठ्या. राजाभाऊंनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या आणि बजावलं की इथे कोणी साहेब नाही, जे येईल ते करायचं. निखिलला गोठा आला, संजनाला खजुराची आळी. त्यांच्या वेदांगला कोंबड्यांना दाणे घालायचं काम आलं, तर तो म्हणाला, “धिस इज चाइल्ड लेबर, डॅड.” बघता बघता तिथे चिठ्ठ्यांचा बाजार भरला. कोणाची पाठ धरली होती, कोणाला धुळीची ॲलर्जी होती, एका कुटुंबाने सोबत म्हणून कामवाली आणली होती, तिच्या नावावर एकही चिठ्ठी नसताना तीन माणसांचं काम जमा झालं. गोठा मात्र सगळ्यांना हवासा झाला, कारण बंगल्याला कुलूप होतं आणि ऑक्टोबरच्या त्या काहिलीत साऱ्या शेतात खरा थंडावा गाईंनाच होता. मंडळाची निम्मी कार्यकारिणी दुपारभर गाईंच्या शेजारी खुर्च्या टाकून बसली होती.

राजाभाऊंना भांड्यांची चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, पुन्हा नीट घडी घातली आणि शोभनाबाईंच्या हातात ठेवली. “तू एवढं बघ गं. मला सगळीकडे लक्ष ठेवायचंय.” शोभनाबाईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि भांड्यांकडे गेल्या. त्यांना वाईट वाटलं नाही. जायचं पक्कं झालेल्या माणसाला बारीकसारीक गोष्टींचं वाईट वाटत नाही.

नळाजवळ त्यांना दगडू भेटला. दापोलीकडचा माणूस, याच शेतावर कामाला होता. बराच वेळ घुटमळून त्याने हळूच विचारलं, “वैनी, आमाला काडणार हायत का?” शोभनाबाईंना आधी कळेचना. मग उलगडा झाला. एवढे साहेबलोक गाड्या घेऊन आले, हातात फावडी घेऊन फोटो काढतायत, गोठ्यात बैठक घेतायत, म्हणजे काम शिकून घेतायत आणि आता आपल्याला घरी पाठवणार, असं साऱ्या कामगारांना वाटलं होतं. मोहिद्दीनकडे जाऊन दोघं रडूनही आले होते. शोभनाबाईंनी सांगितलं, की बाबा, हे लोक संध्याकाळच्या पुढे टिकणार नाहीत, निर्धास्त राहा.

त्यांचा शब्द खरा झाला. सूर्य कलल्यावर निखिलच्या लक्षात आलं की शेतावर गरम पाण्याचा पत्ता नाही. अल ऐनमध्ये एक हॉटेल आहे, फक्त आंघोळीपुरतं जाऊन येऊ, असा प्रस्ताव निघाला. खोली तीनशे दिऱ्हॅम, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये, असा हिशेब कोणीतरी मोठ्याने केला, सगळे हळहळले आणि गाड्यांत बसले. जाताना ‘यल्ला अंकल, लगेच येतो’ म्हणाले. ते दुसऱ्या दिवशी बुफे ब्रेकफास्ट करून उगवले.

राजाभाऊंना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना नवे श्रोते सापडले होते. शेतावरचे कामगार एका लांबलचक खोलीत राहत. चूल एक, तांदळाचं पोतं एक, स्वयंपाक आणि भांडी ठरलेल्या पाळीने. त्यांच्या चुलीसमोर खाटेवर बसून राजाभाऊंनी त्यांना समजावून सांगितलं की तिकडे लोक कसे एका खोलीत, एका चुलीवर, पाळीपाळीने काम करून राहतात. मोहिद्दीन हिंदीचं मल्याळम करत होता. ऐकणाऱ्यांना यात नवल काय ते समजलं नाही. एकाने विचारलं, की तिथून घरी जायला सुट्टी किती मिळते. राजाभाऊंनी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं. परतताना मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. हा चेहरा शोभनाबाईंनी नव्व्याण्णव साली पाहिला होता.

शुक्रवारी नमाजानंतर शेताचा मालक आला. त्याने पाहिलं, तर राजाभाऊ डोक्याला पंचा बांधून, कमरेवर हात ठेवून दगडूला आळं कसं करावं ते शिकवत होते. मोहिद्दीन महिनाअखेरीला कायमचा केरळला चालला होता आणि मालकाला माणूस हवाच होता. दोघं गाईंच्या थंडाव्यात जाऊन बसले. अरबी कॉफीचा कावा आला, खजूर आले, पाठीवर थाप पडली, ‘हबीबी’ म्हणून झालं. दुरून बघणाऱ्या शोभनाबाईंना शब्द ऐकू येत नव्हते, पण राजाभाऊंची मान ज्या तऱ्हेने हलत होती तिचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

जेवणानंतर निरोपाचा कार्यक्रम सुरू झाला. निखिलने भाषण केलं. ते मागच्या दोन्ही वेळच्या भाषणांसारखंच होतं, फक्त ‘या वेळी खरोखरच’ हे शब्द त्यात अनेकदा आले. मग राजाभाऊ उत्तराला उभे राहिले.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी जात नाहीये. मी या शेतावर राहतोय. मॅनेजर म्हणून.”

कोणी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. निखिलने खिशातली गाडीची किल्ली चाचपली, कारण भेटवस्तू डिकीत होती. संजना कावरीबावरी झाली. तिच्या डोळ्यांपुढे फ्रीज उभा राहिलेला अगदी दिसत होता. राजाभाऊ पुढे बोलतच होते. मालकाकडे व्हिसा एकच शिल्लक आहे, तो शेतमजुराचा, म्हणून कागदावर आपण मजूर असू, आणि यात आपल्याला कमीपणा नाही, उलट अभिमान आहे. मजुराच्या व्हिसावर बायको आणता येत नाही, हे निखिलने हळूच सुचवलं. राजाभाऊंनी त्याचाही विचार केला होता. ते शोभनाबाईंकडे वळून म्हणाले, “तू तोवर निखिलकडे राहा, व्हिजिटवर. सहा-आठ महिन्यांत तुझंही बघू. इन्शाल्ला.”

शोभनाबाईंनी बावीस वर्षांत मंडळात हळदीकुंकवाच्या आभारांपलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या. संताप होता, आणि संतापाहून मोठी भीती होती, की आता बसलो तर जन्मभर बसूनच राहू.

“निखिल, कार्यक्रम थांबवू नकोस,” त्या म्हणाल्या. “रविवारचं तिकीट माझ्याही नावाचं आहे. मी जाणार आहे. मागच्या खेपेला माझी मुलगी आमच्यासाठी दूध घेऊन बसली होती. पुन्हा मी तिला तसं बसवणार नाही. निरोप मला द्या.”

राजाभाऊ हसले. त्यांना ती गंमत वाटली. मग आपल्याबरोबर दुसरं कोणी हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

सगळ्यांत आधी उठली ती संजना. जाणाऱ्या बाईची ओटी भरतात; मागच्या दोन्ही निरोपांना भरली होती. नारळ होता, खण होता, हळदकुंकू होतं, आणि तांदूळ नव्हते. साऱ्या मंडळात मिळून तांदळाचा दाणा नव्हता. श्रीखंडाने ओटी भरायची पद्धत अजून निघालेली नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. नळाजवळून बघणारा दगडू चुलीकडे गेला आणि त्यांच्या सामाईक पोत्यातले पसाभर तांदूळ वाडग्यात घेऊन आला. लालसर, जाडे, उकडे तांदूळ. संजनाने त्याच तांदळांनी ओटी भरली. भरता भरता तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फ्रीज वाचल्याचं नव्हतं असं मानायला हरकत नाही.

“आणि मी?” राजाभाऊंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता. “मी काय करायचं?”

शोभनाबाईंनी पदर सावरला, पर्स उघडली आणि घडी केलेली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

“ही तुमची,” त्या म्हणाल्या. “सकाळपासूनची भांडी पडली आहेत.”

तिकडचा विषय निघाला असता तर राजाभाऊ तासभर बोलले असते. पण सगळं मंडळ आणि सगळे कामगार त्यांच्याकडे बघत होते आणि चिठ्ठीवर अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. ते नळाकडे गेले. पाठीमागून दगडू राखेचा डबा घेऊन गेला.

रविवारी विमानतळावर निखिलने ठरावाप्रमाणे बोर्डिंग पास मागितला. शोभनाबाईंनी दाखवला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि भेटवस्तूचं खोकं पुढे केलं. आतल्या वस्तूवर ‘श्री. राजाभाऊ यांस सप्रेम’ असं कोरलेलं होतं, त्याबद्दल तो ओशाळला. राजाभाऊ शेजारी उभे होते. घराची किल्ली घरमालकाकडे गेल्यामुळे इथून त्यांना थेट शेतावरच जायचं होतं. त्यांनी बायकोला आपली काळजी घ्यायला सांगितलं. बहुधा त्यांना असं म्हणायचं असावं, की आपली काळजी आता कोण घेणार. शोभनाबाईंना त्या क्षणी त्यांची दया आली, पण त्या थांबल्या नाहीत.

मुंबईला उतरल्यावर त्यांनी पहिल्याच बूथवरून फोन लावला. “लँड झाले,” एवढंच म्हणाल्या. आभाने विचारलं, “बोथ ऑफ यू?” आणि शोभनाबाई म्हणाल्या, नाही गं, मी एकटीच.

त्या कोथरूडला पोचल्या तेव्हा दार उघडं होतं आणि आभा केर काढत होती. पडदे धुतलेले नव्हते. दूधही सांगितलेलं नव्हतं, त्यात तिची चूक नव्हती. गॅस शेजाऱ्यांकडून आणला. ओटीतले तांदूळ जिचे तिने शिजवून खायचे असतात म्हणून शोभनाबाईंनी तेच कुकरला लावले. जाडे तांदूळ शिजता शिजेनात. शेवटी भात, मीठ आणि तूप असं जेवण घेऊन दोघी जमिनीवर बसल्या. आभाने दोन घास खाल्ले आणि मग तिला रडू फुटलं. तीन वर्षांचं होतं ते. शोभनाबाईंनी तिला गप्प केलं नाही.

तेवढ्यात आभाचा मोबाइल वाजला. फोन राजाभाऊंचा होता. शेतावर पोचताच कामगारांनी त्यांना पाळीत धरलं होतं, कारण नव्या माणसाला सूट द्यायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. आज भांडी त्यांची होती, पातेल्याला भात बुडाला लागला होता आणि काही केल्या निघत नव्हता. आभाने फोन आईच्या कानाला लावला.

“पाणी घालून भिजत ठेवा,” शोभनाबाई म्हणाल्या, आणि आभाच्या ताटात आणखी भात वाढला.